दोन किलो पाप

सभागृहाच्या दारापासून रस्त्यापर्यंत रांग गेली होती. बहुतेक बायका कारखान्याच्या पॅकिंग विभागातल्या, सुट्टीच्या दिवशीही पाय सुजलेले. मंचावर मोठा वजनकाटा आणि काट्याशेजारी वजनबाबा. सकाळी काट्यावर चढायचं, दुपारी पुन्हा चढायचं, मधल्या वेळात दोन किलो पाप गळून गेलेलं असायचं. आकडा पडद्यावर आला की टाळ्यांनी छत दणाणायचं.

"मी वजन उतरवत नाही गं लेकींनो, तुमचा हावरटपणा उतरवतो," बाबा माइकवरून सांगत होते. उतरलेलं पाप जातं कुठे, असं एकीनं विचारलं, तेव्हा त्यांनी गंभीरपणे वर बोट केलं. वर पंखा फिरत होता.

पहिल्या ओळीत कारखान्याचे मॅनेजर माना डोलावत बसले होते. सभागृह कारखान्याचंच, बाबांना फुकट दिलेलं.

मागच्या भिंतीला टेकून एक शिक्षिका उभी होती. शाळेत विज्ञान शिकवायची. तिची आई याच काट्यावर चढली होती, टाळ्या घेऊन उतरली होती, आणि बाबांनी दिलेले बाटलीतले थेंब घरी नेऊन कामाच्या दिवशीही घेत राहिली होती. पॅकिंगच्या टेबलापाशीच ती कोसळली. अंगातलं पाणी आणि क्षार आटून हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. उरलेली बाटली तपासायला दिली, तर त्यात लघवी जास्त करवणारं औषध निघालं. पोलीस म्हणाले, बघू.

आणि आज मावशी पुन्हा रांगेत होती.

शिक्षिकेनं तिला परोपरीनं समजावलं होतं. मावशीचं एकच उत्तर: तुझ्या आईनं पथ्य मोडून चोरून खाल्लं असणार. पाठच्या बहिणीबद्दल असं बोलताना तिचे डोळे भरायचे, तरी ती बोलायची. हे वाक्य तिच्या तोंडी ज्यांनी घातलं, त्यांच्यावरचा राग शिक्षिकेला झोपू देत नव्हता.

मावशीचा नंबर आला, तशी शिक्षिकाही तिच्यासोबत मंचावर चढली. स्वयंसेवक आडवे आले.

"भाची आहे माझी, येऊ द्या," मावशी म्हणाली.

"मावशी, पहिल्या वजनाआधी इथे काय देतात गं?"

"मंतरलेलं पाणी. दोन बाटल्या. संपवावंच लागतं."

"मग?"

"मग वजन. मग थेंब, आणि वाफेच्या खोलीत बसायचं." मावशी जरा अडखळली. "नंतर सारखं बाथरूमला जावं लागतं. पाप निघतं ना."

शिक्षिकेनं टेबलावरच्या दोन भरलेल्या बाटल्या उचलून काट्यावर ठेवल्या. पडद्यावर आकडा उमटला. दोन किलो, वर बाटल्यांचं थोडंसं.

टाळ्या वाजल्या नाहीत.

"सकाळी यांनीच पाजलं, दुपारी यांनीच काढलं," ती म्हणाली. "कुठे थांबायचं ते थेंबांना कळत नाही. माझ्या आईच्या बाबतीत ते थांबले नाहीत."

बाबा हसून म्हणाले की ताईंना दुःखानं भ्रम झालाय. मॅनेजरांनी माइक बंद करायची खूण केली. मावशीला माइक लागला नाही.

"मग आम्ही सगळ्याच कशा जाड झालो?"

"कामाला लागलात तेव्हा नव्हतात. सगळ्यांना एकदमच हाव सुटली का? कामावर पाणी का पीत नाहीस, सांग."

मावशीला सांगायची लाज वाटत होती, पण तिनं सांगितलं. अख्ख्या विभागाला संडासाचं टोकन एक, तेही सुपरवायझरच्या खुंटीवर. मागायला गेलं की टोमणा. म्हणून पाणी प्यायचंच नाही. घसा सुकला की कारखान्याच्या मशीनमधलं फुकटचं गोड सरबत, घोट घोट. जेवणाची सुट्टी आखूड, म्हणून बिस्किटं. घराकडच्या रस्त्यावर ट्रकांशिवाय कुणाला जागा नाही, म्हणून चालणं बंद. पाळ्या बदलत्या, म्हणून झोप नाही. झोप नाही, म्हणून जागं राहायला पुन्हा गोड. एक गोष्ट दुसरीला ढकलत होती आणि सगळ्या मिळून माणसाला.

"यातलं तुझ्या जिभेनं काय ठरवलं, मावशी?"

मावशी काट्यावर चढली नाही. पिशवीतली थेंबांची बाटली तिनं भाचीच्या हातात दिली आणि खाली उतरून मॅनेजरांसमोर उभी राहिली.

"साहेब, माझी बहीण चोरून खात नव्हती. तहानलेली होती."

पुढच्या कामाच्या दिवशी मावशीनं पॅकिंगच्या टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवला. सगळ्यांदेखत प्यायली, आणि टोकन न मागता उठली. तिच्यामागून आणखी काही जणी उठल्या.

कुणी चमत्कार दाखवला, तर आधी विचारा, त्याआधी काय पाजलं होतं. आणि वस्तीच्या वस्ती एकाच दुखण्यानं जड होऊ लागली, तर एकेकीच्या ताटात डोकावू नका. टोकन कुणाच्या खुंटीवर आहे, ते बघा.