सगळ्याला एकच धडाम

आत्याचं सगळ्यात जुनं भांडण होतं ते ‘धडाम’शी.

हिरोनं गुंडाला ठोसा मारला, धडाम. गुंड भिंतीवर आदळला, धडाम. भिंत कोसळली, धडाम. भिंतीमागची अख्खी इमारत खाली आली तरी तेच धडाम, फक्त अक्षरं थोराड. आत्या हातातला अंक टेबलावर आपटायची, ‘बघा, हा सुद्धा फट् वाजला, धडाम नाही’ असं म्हणायची आणि विचारायची की लिहिणाऱ्याला देवानं कान दिलेत की नाही. ओली चादर फरशीवर पडली तर थप्प. तीच वाळवून झटकली तर फडाक. गादी टाकली तर धप्प, आणि माणूस पडला तर धप्प आणि वर एक ‘अगं आई गं’. आपल्या भाषेत आवाजांची एवढी रेलचेल, आणि या मेल्यांचं एका धडाममध्ये भागतं. गिऱ्हाईक कपडे घ्यायला आलेलं असायचं, ते मुकाट्यानं मान डोलवायचं.

तिची लाँड्री होती. पुढे काउंटर, त्यामागे इस्त्रीचं लांबलचक टेबल, मागच्या खोलीत इस्त्र्यांना वाफ पुरवणारा बॉयलर, आणि काउंटरखाली, हँगरच्या जुडग्यांच्या आड, कॉमिक्सची चळत. तिच्या भाचीची ती आत्या, म्हणून हळूहळू साऱ्या गल्लीची आत्या झाली. शेजारच्या दुकानातले शिंपीकाका वयानं तिच्याहून मोठे, पण तेही आत्याच म्हणायचे. कॉमिक्सचं वेड दोघांनाही होतं. जमत मात्र एका पानावरही नव्हतं.

काका सुपरहिरोवाले. जगात आधीच एवढी रड आहे, एखादा उडाला आकाशात तर तुझं काय गेलं, असं त्यांचं म्हणणं. उडू दे की, आत्या म्हणायची, पण त्याच्या पाठीवरची ती झूल धुतो कोण ते आधी सांगा. आगीतून जातो, गटारातून जातो, आणि पुढच्या चौकटीत झूल कडक इस्त्रीची. डोळ्यांवर चार बोटांची पट्टी बांधली की याला सख्खी आई ओळखत नाही, इथे मी नुसत्या कॉलरवरून माणूस सांगते. आणि मरतो तो तर निव्वळ फसवायला. गेल्या वेळी मी रुमाल भिजवला त्याच्यासाठी, आणि हा पुढच्याच अंकात दात काढत हजर. मेलेल्या माणसानं मेलेलं राहावं, एवढी तरी रीतभात नको का?

म्हणून तिला खुनाची कॉमिक्स आवडायची. तिथे मेलेला बिचारा मेलेलाच राहायचा, आणि मुख्य म्हणजे तिथे लक्ष द्यावं लागायचं. आत्या चेहरे बघायचीच नाही, बाह्या बघायची. दिवसभर राबलेल्या माणसाची बाही कोपरापाशी चुरगळलेली असते, आणि ज्यानं नुकताच शर्ट बदललाय त्याची नसते. डिटेक्टिव्ह अजून जिन्यावर असायचा तेव्हाच आत्या खुन्यावर बोट ठेवून मोकळी व्हायची. त्या डिटेक्टिव्हचा कोट वर्षानुवर्षं तोच, कधी ड्रायक्लीनिंगला गेलेला नाही. पण त्याला मात्र तिनं माफ केलं होतं. घरी विचारणारं कुणी नाही त्याला, असं म्हणायची.

आणि एवढं बोलून काकांचे सुपरहिरो उसने आणून ती अधाशासारखी वाचायचीच. हिरो दमूनभागून घरी येतो, बूट काढतो आणि आई विचारते, का रे उशीर, ही चौकट आली की तिचा आवाज खाली यायचा. ही तेवढी सगळ्यांना जमते, असं काहीतरी पुटपुटायची.

भाची तिच्याकडेच वाढली होती. भाऊ जहाजावर नोकरीला, वहिनी लवकर गेली. पोर इस्त्रीच्या टेबलाखाली चादरींच्या ढिगात बसायची आणि आत्या वरून, एका हातात इस्त्री नि दुसऱ्या हातात अंक धरून, तिला कॉमिक्स वाचून दाखवायची. वाचताना धडाम गाळून तिथे स्वतःचे आवाज घालायची. गिऱ्हाइकं कपडे मिळाल्यावरही गोष्ट संपेपर्यंत उभी राहायची. ती पोर आता मोठी होऊन चित्रकार झाली होती, काउंटरवर बसून पुस्तकांसाठी चित्रं काढायची, आणि कानामागे कायम पेन्सिल असायची म्हणून सगळे तिला पेन्सिलच म्हणायचे.

तर या पेन्सिलला एका दूरच्या शहरातून फोन आला. एका प्रकाशनानं तिची चित्रं बघितली होती. इकडे या, इथेच राहा, दर महिन्याला आमच्या सुपरहिरोचा अंक काढा, शनिवारपर्यंत काय ते कळवा. पेन्सिलनं दोन दिवस विचार केला आणि शांतपणे सांगितलं की मी नाही म्हणणार आहे.

आत्याचं डोकंच फिरलं. आयुष्य जातं लोकांचं अशा फोनची वाट बघण्यात. का नाही म्हणून विचारलं तर म्हणे मला सुपरहिरो जमत नाहीत. साफ खोटं. लहानपणी कपड्यांना लावायच्या चिठ्ठ्यांवर या कार्टीनं झूलवाले काढून ठेवलेले असायचे. गिऱ्हाइकं त्या परत करायची नाहीत. आत्यानं पुन्हा खोदून विचारलं तेव्हा पेन्सिल हातातल्या कागदाकडे बघत काहीतरी बोलली आणि उठून गेली.

पेन्सिल हल्ली अशीच तोंडातल्या तोंडात बोलायची. तिलाच का बोला, सगळ्यांनाच ती खोड लागली होती. टीव्हीवरचे कुजबुजायचे, गिऱ्हाइकं पुटपुटायची, आणि एक गिऱ्हाईक तर ‘मघापासून हाका मारतोय’ म्हणून फणफणत निघून गेलं. उद्धट मेलं. बॉयलरची शिट्टीही बिघडली होती. दाब वाढला की ती वाजायला हवी, पण पेन्सिलच मध्येच धावत जाऊन झडप सैल करून यायची. मेकॅनिक बघून गेला आणि शिट्टी ठणठणीत आहे म्हणाला. त्यालाही काही येत नव्हतं.

त्या आठवड्यात आत्याला झोप नीट लागेना. आपल्याच जिभेनं हा घोळ घातला, असं तिच्या मनानं घेतलं. जन्मभर सुपरहिरोंना नावं ठेवली, आता पोरीला त्यांची चित्रं काढायची लाज वाटत असणार. तिनं हे काकांना सांगितलं. काका म्हणाले, एकदा कानाच्या डॉक्टरकडे जाऊन ये. पोरीच्या नोकरीचा नि माझ्या कानाचा काय संबंध, असं आत्यानं फटकारल्यावर ते निमूटपणे आपल्या मशीनवर जाऊन बसले.

शुक्रवारी दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा, पेन्सिलनं काही पानं शिवून आणली आणि आत्यासमोर ठेवली. हातानं काढलेलं अख्खं कॉमिक. तिनं आत्याच्या समोर येऊन, चेहरा वर करून सांगितलं की वाच, आणि खरं काय ते सांग.

आत्यानं हात पुसले, इस्त्री उभी केली आणि वाचायला बसली. गुन्ह्याची गोष्ट होती. एक लाँड्री, भर दिवसा. दार उघडतं, दारावरची घंटी वाजते: टिंग. चोर आत येतो. लाँड्रीवाली पाठमोरी, इस्त्री करतेय. चोर एकेक कोट उचलतो, हँगर खाली पडतात: खळ्ळ. बादलीला पाय लागतो: खणण् खणण्. मागे बॉयलर तापून शिट्टी द्यायला लागतो: शूऽऽऽ. बाई इस्त्री करतेच आहे. शेवटच्या पानावर सगळी दांडी रिकामी आणि वाफच वाफ, नि त्या वाफेत ती बाई एका शर्टाची घडी घालतेय.

पहिल्या पानालाच आत्याचा ऊर भरून आला. एकही धडाम नव्हतं. प्रत्येक वस्तूला तिचा तिचा आवाज होता. घडी घालणारे हातही बरोबर होते, अंगठा जिथे असायला हवा तिथेच. चोराची बाही तर झकास. पण खरं सांग म्हटलं होतं, आणि कॉमिकच्या बाबतीत आत्या सख्ख्या भाचीलाही सोडणारी नव्हती.

“चित्रं सुरेख आहेत. गोष्ट पटत नाही,” ती म्हणाली. “घंटी वाजते, हँगर पडतात, शिट्टी कोकलते, आणि ही वळूनसुद्धा बघत नाही? बहिरी आहे का ही बाई?”

पेन्सिलनं पानं उलटून पहिली, घंटीची चौकट तिच्यासमोर धरली.

“आणि आपलंच दुकान काढलंयस, तर नीट बघून काढावं की नाही? आपल्या दाराला घंटी कुठे आहे?”

पेन्सिल उठली. तिनं दार उघडलं आणि बंद केलं. दाराच्या वर एक पितळी घंटी हलली. आत्याला ती पितळी वस्तू रोज दिसायची. मागच्या वर्षी पोरीनं हौसेनं काहीतरी शोभेचं टांगलंय, असं समजून तिनं दोनदा घासूनही काढली होती. आता ती इकडून तिकडे चांगली झोके घेत होती आणि आत्याला काहीच ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात गळ्यात टेप लटकवलेले काका दारात आले. गिऱ्हाईक आलं की हे नेमके डोकवायला येतात, हे आत्या वर्षभर बघत होती आणि भोचक मेला म्हणत होती. ते घंटी ऐकून येत होते. काकांनी दोघींचे चेहरे पाहिले आणि आल्या पावली परत गेले.

आत्या स्टुलावर बसली. बाहीवरून खुनी ओळखणारी बाई, आणि स्वतःच्या कानांची एवढी मोठी चोरी तिला दिसली नव्हती. आधी तिला लाज वाटली, मग राग आला, आणि मग या पोरीनं आपल्यापायी दाबून ठेवलेलं सगळं एकदम ध्यानात आलं, तसे डोळे भरून आले.

“म्हणून नाही म्हणतेयस?”

“तुला शिट्टी ऐकू येत नाही, आत्या. मी नसताना ती वाजली तर?”

“मग सरळ तोंडावर सांगायचं ना.”

“कितीदा सांगितलं. तुला वाटलं मी पुटपुटतेय.” पेन्सिलचाही आवाज कापत असावा, तिची हनुवटी थरथरत होती. “मग म्हटलं, कॉमिकमधून सांगावं. तिथे तुला सगळं ऐकू येतं.”

आत्यानं तिला जवळ ओढलं. मग घासाघीस सुरू झाली. आत्या म्हणे आधी तू फोन लाव, पेन्सिल म्हणे आधी तू कान दाखव. शेवटी शनिवारी सकाळी आत्या डॉक्टरच्या खोलीत आत गेली आणि पेन्सिलनं बाहेर बाकावर बसून हो म्हणून कळवलं.

तपासणी झाली, कानामागे बसणारं यंत्र तात्पुरतं वापरून बघायला दिलं. परत येताना आत्या सारखी थांबत होती. चपला एवढा फटक फटक आवाज करतात, पिशवी चुरचुरते, हे ती विसरूनच गेली होती. आता तुलाही शक्ती मिळाली, असं काकांनी आपल्या दुकानाच्या दारातून चिडवलं. त्यावर ती म्हणाली की शक्तीला सेल लागतात, आणि एकाही हिरोला सेल बदलताना यांनी दाखवलेलं नाही.

दुकानाचं दार तिनं स्वतः उघडलं. घंटी वाजली. आत्या उंबऱ्यातच उभी राहिली, दार मिटलं, परत उघडलं.

“चुकलंय तुझं,” ती म्हणाली. “टिंग नाही. टिण्ण. खोड ते.”

पेन्सिलनं कानामागची पेन्सिल काढली आणि हसत, नाक ओढत खोडलं.

सामान बांधून पेन्सिल निघाली त्या दिवशी आत्यानं मुद्दाम एक हट्टी सुरकुतीचा शर्ट इस्त्रीला घेतला होता. शिट्टी ऐकू येते, जेवणखाण वेळेवर होईल, काका आहेत भोचकपणा करायला, असं सगळं सांगून झालं. त्याची झूल एकदा तरी धुताना दाखव, असं बजावून झालं. पेन्सिल पाया पडली, बॅग उचलली आणि दारातून बाहेर गेली. टिण्ण.

दुकान रिकामं झालं. आत्या इस्त्री हातात धरून तशीच उभी राहिली. आणि दार पुरतं मिटल्यावर, हलायची थांबता थांबता, घंटीनं आणखी एकदा हळूच आवाज केला, अर्धाच, टिण्. हा तर तिनं अजून ऐकलाच नव्हता. रोज ती दार उघडून घंटी ऐकायची, गिऱ्हाईक गेलं की लगेच इस्त्रीकडे वळायची, पण त्या दारातून कुणी निघून गेल्यावर मागे थांबून ऐकायची वेळ आलीच नव्हती.

आत्यानं इस्त्री उभी केली आणि धावत रस्त्यावर आली. पेन्सिल पार कोपऱ्यापर्यंत पोचली होती.

“दोनदा वाजते गं!” आत्या ओरडली. “जाताना दोनदा वाजते!”

सगळी गल्ली वळून बघायला लागली. कोपऱ्यावर पेन्सिलनं बॅग खाली ठेवली, कानामागची पेन्सिल काढून हवेत उंच धरली, आणि तळहातावर काहीतरी लिहून घेतलं.