सापडेल तो पहिला पत्ता

तिने कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि पडद्यावरच्या प्रश्नाकडे पाहिलं. 'हा फोल्डर वाचण्याची परवानगी द्यायची का?'

"दे की गं," शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली. "मदतीला माणूस बोलवायचा आणि त्याला स्वयंपाकघरात येऊ द्यायचं नाही, असं कसं चालेल?"

तिने 'हो' दाबलं.

रुग्णवाहिका पाठवणाऱ्या या ऑफिसात ती अकरा वर्षं प्रोग्राम लिहीत होती. प्रत्येकाने आपल्या संगणकाला एआय मदतनीस जोडायचा, असा वरून आदेश आला होता. तो आधी जुनं सगळं वाचणार, मग विचारलेलं सांगणार. पत्ते शोधणाऱ्या भागाचा हा फोल्डर मात्र तिने दोन वर्षांत उघडला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी, एकाच नावाच्या दोन गल्ल्यांपैकी भलत्याच गल्लीत रुग्णवाहिका गेली होती. चौकशीत त्या फोनचं रेकॉर्डिंग सगळ्यांना ऐकवलं. "दार उघडंच ठेवलंय," एक म्हातारी बाई सांगत होती, "हे बोलत नाहीयेत. या ना लवकर." चाळीस मिनिटं ती तेच सांगत राहिली. तेव्हापासून घरी कुणी दार उघडं टाकलं, की ही हातातलं काम टाकून दाराकडे बघत बसायची. मुलगी हसायची. नवरा मुकाट्याने उठून कडी लावायचा.

पत्ते शोधणाऱ्या भागातली एक ओळ चुकली होती; दोष मास्तरांवर आला. ते या गटाचे प्रमुख; दुसऱ्याची चूक दाखवण्याआधी स्वतःची एखादी जुनी चूक रंगवून सांगायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. सगळ्यांचं काम एकत्र करून शेवटी मुख्य प्रोग्राममध्ये तेच चढवत, त्यामुळे नोंदीत नाव त्यांचं. "नाव माझं आहे ना? मग मीच," एवढं बोलून त्यांनी राजीनामा दिला. ती समोरच्याच खुर्चीत होती. ती ओळ आपलीच असावी असा तिला संशय होता, खात्री नव्हती, आणि खात्री करून घ्यायची हिंमत नव्हती.

आता तिने लिहिलं, 'पत्ता अर्धवट असेल तर पूर्वी काय व्हायचं? ते कुणी लिहिलं होतं?'

उत्तर लगेच आलं. 'सापडेल तो पहिला पत्ता घेतला जायचा. ही ओळ प्रथम याच संगणकावर, तुमच्या नावाने, मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी लिहिली गेली. तीन दिवसांनी ती दुसऱ्या नावाने मुख्य प्रोग्राममध्ये गेली. ही जुनी प्रत आता वापरात नाही. काढून टाकू?'

मंगळवार. मुलीला ताप आला म्हणून शाळेतून फोन आला होता. खांद्याला पर्स लावून, उभ्याउभ्याच तिने ती ओळ खरडली होती. उद्या नीट करू म्हणून.

"जमलं का?" सहकारिणीने विचारलं.

"जमलं."

तिने 'नको' दाबलं, फोन उचलला आणि जिन्यात येऊन मास्तरांना लावला.

पलीकडून शिलाई मशीनचा आवाज येत होता. मास्तर आता बायकोच्या शिवणाच्या दुकानात बसतात, असं तिच्या कानावर आलं होतं.

"बोल गं. बरी आठवण झाली!"

"मास्तर, ती ओळ माझी होती. आज पाहिलं. सगळी नोंद आहे. मी वर जाऊन सांगणारच आहे, पण आधी तुम्हाला..."

ते ओरडतील म्हणून ती वाट पाहत राहिली.

"म्हणजे," ते हळूच म्हणाले, "मी नव्हती लिहिली?"

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"कसं असणार? नाव माझं. रोज आठवून बघायचो, कधी लिहिली, तेव्हा डोकं कुठे होतं आपलं. गेल्या महिन्यात तर आठवलीसुद्धा."

"आठवली?" तिने विचारलं.

"खिडकीशी बसून लिहिली होती. टेबलावर ऊन आलं होतं. स्पष्ट दिसतं मला."

शिलाई मशीन थांबलं. "कोण आहे हो?" बायकोने विचारलं.

"वार कोणता आहे त्यात?" मास्तरांनी तिला विचारलं.

"मंगळवार. दुपारी चार दहा."

"आणि नाव?"

"माझं."

"थांब, स्पीकरवर टाकतो," मास्तर म्हणाले. "आता पुन्हा सांग. हिलाही ऐकू दे."