मिठाची गुळणी

तीन आठवड्यांपूर्वी एका सोमवारी माझ्या सासूबाई जेवताना म्हणाल्या, "भाजी छान झालीय," आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. बत्तीस वर्षं त्यांनी माझ्या स्वयंपाकाला नाकं मुरडली. एकदा तर पाहुण्यांदेखत म्हणाल्या होत्या, "हिला कुणी शिकवलंच नाही." आणि आता छान? मंगळवारी सूप छान, बुधवारी अंडी छान, पुढच्या आठवड्यात तर करपलेलंही छान. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मी संशयी आहेच, आणि पगार त्याचाच घेते. बिस्किटांच्या कारखान्यात मी चाखणारी. रोज सकाळी नऊ वाजता प्रत्येक भट्टीतली तीन बिस्किटं माझ्यापुढे येतात. मी चावते, तोंडात घोळवते, थुंकते, चूळ भरते आणि कागदावर सही करते. माझ्या सहीशिवाय एक पुडा दाराबाहेर पडत नाही. तिथे मला सगळे 'जीभ'च म्हणतात. "जीभ आली का?" "जीभ चहाला गेलीय." मला त्याचा अभिमान आहे. दुसरं काही मला येतही नाही.

पण हल्ली जिकडे तिकडे फसवाफसवी. सर्दीतून उठून कामावर गेले तर बिस्किटं सपक. मी ओळखलं, भांडारवाला इसेन्सच्या बाटल्या घरी नेतोय. त्याला चारचौघांत चोर म्हणाले आणि रोज कागदावर लिहू लागले, 'सुगंध वाढवा.' त्यांनी वाढवला, तरी सपक. बाजारातलं मीठसुद्धा भेसळीचं निघालं. एक चमचा पुरायचा तिथे मी तीन घालायला लागले.

त्यातच ती गाडी आली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, फिकट निळी, बाजूची खिडकी उघडून कपकेक विकणारी. चाकांवरच्या दुकानावर माझा विश्वास नाही. पोट बिघडलं तर गाऱ्हाणं कुणाकडे न्यायचं? पण घरात खुणा दिसायला लागल्या. नवऱ्याच्या खिशात कपकेकचा चुण्याचुण्यांचा कागद. मुलगी कॉलेजातून यायची ती "भूक नाही" म्हणतच. आणि काल सासूबाई औषध आणायला म्हणून गेल्या, त्या परत आल्या तेव्हा वरच्या ओठावर गुलाबी क्रीमची मिशी.

"आई, औषध मिळालं?"

"मिळालं की."

"गुलाबी होतं का?"

त्यांनी घाईघाईने ओठ पुसला आणि विचारलं, "जेवायला काय आहे?" पण त्या आवाजात भूक नव्हती, धास्ती होती.

माझा हिशोब पक्का झाला. ती गाडीवाली केकमध्ये काहीतरी घालत होती, माझं घर फितवत होती, आणि सासूबाई आपलं पाप झाकायला माझी स्तुती करत होत्या. आज कामावरून सुटले ती थेट गाडीपाशी गेले.

खिडकीत पिवळ्या टोपीतली मुलगी होती. बाजूला आमच्या भागातला टपालवाला पिशवी खांद्याला लावून उभ्याउभ्या केक खात होता.

"काकू, कुठला देऊ?"

"जास्त खपतो तो दे. कधीचा आहे?"

"आत्ताच काढलाय. हात लावून बघा, कोमट आहे."

मी कारखान्यात करते तसा मधोमध मोडला. जाळी एकसारखी, बूड करपलेलं नाही, आत पिवळं सारण. खोट सापडेना, त्याचाच राग आला. मग हुंगला. वास नाही! चावला, घोळवला. ओला कापूस. मी मनातल्या मनात जिंकले.

"काय गं, लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकतेस? ना गोडी, ना वास. सपक! मी चाखण्याचीच नोकरी करते, मला फसवू नकोस."

मुलीचा चेहरा पडला. टपालवाल्याने मात्र तोंड वेडंवाकडं करत एक डोळा मिटला.

"सपक? अहो ताई, लिंबू भरलंय त्यात! माझे दात आंबले."

"तुम्ही तिचीच बाजू घेणार. फुकट मिळाला असेल."

 मुलीने आतून अर्धं लिंबू घेतलं आणि कागदावर ठेवून माझ्यापुढे सरकवलं. मी ते उचलून दातांनी पिळलं. रस हनुवटीवरून ओघळला, फुटलेल्या ओठाला झोंबला. तोंडात नुसतं पाणी. टपालवाल्याच्या तोंडाला मात्र माझ्याकडे बघूनच पाणी सुटलं होतं.

मी घाबरले. आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते. तीन चमचे मीठ आठवलं, जेवताना माझ्या मुलीच्या ताटाशेजारी दोन-दोन पेले पाणी आठवलं, भांडारवाल्याचा उतरलेला चेहरा आठवला. आणि माझ्या सह्या.

"केक चांगला आहे," मी गाडीवालीला म्हणाले. "माझंच चुकलं."

घरी सासूबाई एकट्याच स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसल्या होत्या.

"आई, माझं जेवण खारट होतं ना?"

त्या सोलतच राहिल्या.

"मिठाची गुळणी धरून बसू नका. बोला."

"गुळणी तूच भरवतेस की रोज," त्या म्हणाल्या, आणि मग सुरी खाली ठेवली. "तुझी नोकरी जिभेची. बोललो असतो तर तू हाय खाल्ली असतीस. म्हटलं सर्दी आहे, येईल चव परत. मीच दोघांना दम दिला होता, कुणी अवाक्षर काढायचं नाही. पण माणूस उपाशी किती राहणार? म्हणून तो केक."

मी तिथेच स्टुलावर बसून रडले. त्यांनी रडू दिलं.

मग कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांना फोन लावला. "उद्यापासून मी सही करणार नाही. मला चव कळत नाहीये. तीन आठवड्यांचे माझे कागद दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. आणि भांडारवाला चोर नाही. त्याची माफी मी स्वतः मागेन."  ते म्हणाले, "आधी डॉक्टरला दाखवा. नोकरीचं सोमवारी बोलू." त्या बोलण्यावरून मला काही कळलं नाही, आणि पुढे विचारायचा धीरही झाला नाही.

सूप गॅसवर ठेवलं. चमचाभर काढून फुंकलं आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदा सासूबाईंपुढे आपणहून धरलं.

"मीठ कमी," त्या म्हणाल्या. मी चिमूटभर घातलं. "आता बरोबर. पण कांदा कच्चा ठेवलास. तुला खरंच कुणी शिकवलं नाही."

"खरं सांगताय ना?"

"मी कधी खोटं बोलते का?" त्या फणकारल्या. मग पातेल्यात बघत हळूच म्हणाल्या, "हे तीन आठवडे सोडून."

मी गॅस बारीक केला आणि कांदा शिजेपर्यंत दोघी तिथेच उभ्या राहिलो.