लाल तेलाची गाडी

"आलं का पट्टीवर?" शमुवेलने स्टिअरिंगवर बसूनच विचारलं.

इंजिन चालू होतं. उघड्या बॉनेटमागे दबोराने लांब पट्टी ओढून काढली, पांढऱ्या फडक्याने पुसली, पुन्हा आत घालून पुन्हा काढली. तेल बरोबर खुणेवर होतं.

"आलं," ती म्हणाली.

"नक्की? काल तर लई खाली हुतं."

"डबा पार निथळून घेतला तुमचा. आलं म्हणते न्हवं."

ती खोटं बोलत नव्हती. एक गोष्ट तेवढी तिने पोटात ठेवली होती. दौंडला खोकी भरून झाली, की स्टेशनबाहेर चहा पिताना ती सांगायची, असं तिचं ठरलं होतं. तेव्हा नवऱ्याचं तोंड कसं होईल, या विचाराने तिला आत्ताच हसू येत होतं. फडकं कमरेला खोचून ती त्याच्या शेजारी येऊन बसली.

शिरूरच्या मिशनची ही गाडी अमेरिकेहून बोटीने आली होती. दिसायला चारचौघींसारखीच, पण तिला क्लच नव्हता. गिअर आपले आप पडत. गाडी नवी होती तेव्हा पेठेतली माणसं मुद्दाम बघायला येत आणि मग ड्रायव्हर पगार कशाचा घेतो, असं विचारून शमुवेलला डिवचत. शमुवेल नुसता हसायचा. त्या नसलेल्या क्लचची किंमत त्याच्याइतकी कुणाला कळणार होती?

तो पलटणीत लॉरी चालवायचा. ब्रह्मदेशात ती लॉरी सुरुंगावर गेली आणि त्याचा डावा पाय मांडीपासून गेला. पलटणीने पुण्याच्या दवाखान्यात त्याला लाकडी पाय करून दिला, गुडघ्याला लोखंडी बिजागरी असलेला. त्या पायाने चालता येई, पण क्लच दाबता येईना. क्लच दाबता येत नाही त्याला लॉरी कोण देणार? मिशनने दया करून त्याला फाटकावर बसवलं. ऐन उमेदीची वर्षं त्याने येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना फाटक उघडण्यात घालवली. कुठली लॉरी कुठल्या गिअरमध्ये चढ चढतेय, हे तो स्टुलावर बसून नुसत्या आवाजावरून सांगायचा, आणि मग दिवसभर कुणाशी बोलायचा नाही.

मग ही गाडी आली. मिशनच्या मोठ्या साहेबांनी आतले दोनच पॅडल बघितले, शमुवेलचा धडधाकट उजवा पाय बघितला आणि किल्ली त्याच्या हातात दिली. त्या दिवशी त्याने कंपाउंडाला इतक्या चकरा मारल्या, की कोंबड्या संध्याकाळपर्यंत बाभळीवरून खाली उतरल्या नाहीत. माझ्या नवऱ्याला पाय अमेरिकेहून आला, असं दबोरा बायकांत सांगत सुटली. गाडीवर तीही त्याच्याबरोबर जाऊ लागली. त्याला वाकता येत नव्हतं, म्हणून पट्टी बघायची तिने, नरसाळं धरायचं तिने, चढावर गाडी थांबली तर उडी टाकून चाकामागे दगड लावायचा तिने.

गिअरबॉक्सचं तेल मात्र लाल. ते साहेबांबरोबर डब्यांनी आलं होतं आणि शमुवेल ते देवळातल्या द्राक्षारसासारखं मोजून मापून वापरी. पण साहेबांची मडम आजारी पडली, दोघं मायदेशी गेले, आणि त्याच सुमारास गिअरबॉक्स मागून पाझरायला लागला. रोज सकाळी गाडीखाली मातीवर लाल डाग दिसे. डबे संपत आले. चढावर इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. साहेबांनी तिकडून कळवलं होतं, की तेल पाठवतो, पण बोटीला वेळ लागेल.

एवढा वेळ मिशनला नव्हता. साहेबांच्या जागी आलेले पाळक एलिया हे भले गृहस्थ, शमुवेलला मान देऊन बोलायचे. त्यांनी त्याला बोलावून स्पष्टच सांगितलं. बोर्डिंगातल्या पोरांची दुधाची पावडर दौंड स्टेशनात येऊन पडली आहे. शनिवारी ही गाडी पावडर घेऊन आली, तर साहेबांचं तेल येईपर्यंत गाडी ठेवू. नाही आली तर विकू आणि साधी देशी लॉरी घेऊ. साध्या लॉरीला क्लच असतो, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. शमुवेलनेही नाही.

शुक्रवारी तो एस.टी.ने पुण्याला जाऊन आला. कॅम्पातली दुकानं त्याने लाकडी पायाने पालथी घातली. कुणी त्याला ब्रेकचं तेल दाखवलं, कुणी इंजिनचं, एकाने मुंबईला जा म्हणून सांगितलं. तो परत आला तेव्हा मांडीला पट्टा काचून रक्त आलं होतं. दबोराने गरम पाण्याने शेकलं. उरलंय तेवढं उद्या घाल, भागलं तर भागलं, असं म्हणून तो भिंतीकडे तोंड करून निजला.

तो पुण्यात असताना दबोराही घरी बसून राहिली नव्हती. ती पेट्रोल पंपावरच्या हौशीरामकडे गेली होती. हौशीरामच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. गिअरबॉक्सला गिअरचंच तेल लागतं, रस्त्यावरच्या झाडून साऱ्या लॉऱ्या त्याच्यावरच चालतात, लाल-पिवळा रंग हे कंपनीवाल्यांचं खूळ, असं त्याने तिला समजावलं आणि आपल्याकडचं सगळ्यांत चांगलं, दाट तेल दिलं. दबोराला ते पटलं. पटायला कारणही होतं. नवऱ्याच्या गुडघ्याच्या बिजागरीला अमुकच तेल घाला, असं दवाखान्यातल्या साहेबाने बजावलं होतं. तिने पहिल्या दिवसापासून चुलीपुढचं करडीचं तेल घातलं, आणि बिजागरी एकदाही कुरकुरली नव्हती. साहेब लोक सांगतात तसं, आणि आपण आपलं भागवतो.

शनिवारी सकाळी तिने आधी उरलेलं लाल तेल ओतलं. ते पुरलं नाही. मग शमुवेल पायाचे पट्टे आवळत असताना तिने हौशीरामचा डबा नरसाळ्यात उपडा केला. तेल काकवीसारखं सावकाश उतरलं, आणि पट्टीवर खुणेला येऊन टेकलं.

गाडी गुमान निघाली. न्हावरा मागे पडला तरी इंजिन ओरडलं नाही, की कुठे झटका बसला नाही. शमुवेलच्या खांद्यांतला ताण उतरत गेला. तो शीळ घालू लागला. उसाच्या फडांवरून वारा येत होता. दबोरा त्याच्याकडे चोरून बघायची, आणि तिला वाटायचं, आत्ताच सांगून टाकावं. पण तिने दम धरला.

"बघ," तो म्हणाला, "एवढासाच घोट पायजे हुता बिचारीला."

दौंडला हमालांनी खोकी भरायला उशीर लावला. उन्हाच्या आत निघू, चहा न्हावऱ्याला पिऊ, असं शमुवेल म्हणाला, आणि तिचं सांगणं पुढे गेलं.

नदीपलीकडचा चढ लागला, आणि गाडी थरथरली. इंजिन टिपेला जाऊन ओरडू लागलं, चाकं थांबली आणि भरलेली गाडी मागे सरकू लागली. दबोराने उडी टाकून चाकामागे दगड लावला. गाडीखालून धूर येत होता, आणि रबर जळल्यासारखा वास सुटला होता.

शमुवेल दाराला धरून खाली उतरला. या खेपेला पट्टी त्याने स्वतः ओढली आणि तिच्या हातातल्या पांढऱ्या फडक्यावर पुसली. फडक्यावर लाल काही नव्हतं. काळं, दाट, उग्र वासाचं तेल होतं. पलटणीतल्या लॉरीच्या गिअरबॉक्सला येई तोच हा वास. त्याला ओळखायला क्षणही लागला नाही. या गाडीच्या पट्टीला त्याच्याशिवाय एकाच माणसाचा हात लागत होता.

"तेल कमी पडलं का वं?" दबोराने भीतभीत विचारलं. "कमी तर नसंल. मी सकाळी..."

"दगड सरकतोय. नीट लाव," तो म्हणाला.

दगड सरकत नव्हता. पण ती बोलली असती, तर त्याला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि खरं उत्तर तिच्या तोंडावर द्यायची त्याची छाती नव्हती. ती वाकली तेव्हा तो बॉनेटला टेकून उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले. गाडी गेली हे त्याला कळलं होतं. दबोरा वर बघेपर्यंत त्याने तोंड पुसलं आणि गाडीच म्हातारी झाली, तिला तू-मी काय करणार, असं तिला सांगितलं.

एका लॉरीने त्यांना ओढत परत दौंडला नेलं. पोपटराव मिस्त्री ओळखीचे होते. त्यांनी खाली पाटी ठेवून बोल्ट सोडायला घेतला, तसं शमुवेलने दबोराला चहा आणायला स्टेशनावर पिटाळलं. तेल पाटीत पडलं. त्यात जळालेला भुगा होता. पोपटरावांनी बोट बुडवून नाकाशी नेलं.

"हे कुणी घातलं?"

"म्या."

"तुम्ही? शमुवेलराव, तुम्ही तर पेट्रोलवाल्याला बॉनेटला हात लावू देत न्हाई."

"म्याच घातलं. आन् बाईसमोर ह्यातलं काय बोलू नका."

पोपटरावांनी त्याच्याकडे बघितलं आणि मग स्टेशनाच्या रस्त्याकडे. दबोरा चहा घेऊन आली, तेव्हा दोघंही उसाच्या भावाबद्दल बोलत होते.

पण मिशनला गाडी का गेली ते सांगणं पोपटरावांना भाग होतं, आणि चुकीचं तेल गेलं एवढं त्यांनी सांगितलं. पंचमंडळ बसलं. शमुवेलला बोलावणं आलं. दबोरा त्याच्या मागोमाग गेली आणि ऑफिसच्या दाराशी उभी राहिली. आत कुणी त्याला वाकडं बोललं, तर या माणसाने लाल तेलासाठी पुण्यात पाय रक्ताळून घेतला, हे ती भर सभेत सांगणार होती.

एलिया पाळकांचा आवाज हळूच होता. "शमुवेल, गिअरबॉक्समध्ये साधं गिअरचं तेल गेलं, आणि त्यानेच तो जळला, असं मिस्त्री म्हणतात. तुमच्या हातून असं होईल, हे मला खरं वाटत नाही. कुणी घातलं?"

"म्या घातलं, पाळकसाहेब. लाल संपलं हुतं. वाटलं, चालंल."

दबोराने दाराची चौकट धरली. हौशीरामचा डबा, नरसाळं, काकवीसारखं उतरणारं ते तेल तिच्या डोळ्यांपुढे आलं. चढावर त्याने आपल्याला दगडाकडे का वाकवलं, हे तिला आत्ता कळलं. आत जाऊन ओरडून सांगावं, असं तिला वाटलं, पण पाय उचलेना. आत कुणीतरी म्हणत होतं, की इतक्या वर्षांच्या ड्रायव्हरला एवढं कळू नये? शमुवेल खाली मान घालून ऐकत होता. तिच्या वाटचं सगळं तो ऐकत होता, आणि ती बाहेर उभी होती.

घरी आल्यावर तिने ताट मांडलं.

"अवं, ते तेल..."

"मला ठावं हाय. वाढ."

तिने वाढलं. त्यानंतर त्या गोष्टीचं नाव त्या घरात निघालं नाही.

गाडी मोडीत गेली. नवी लॉरी आली, कारेगावचा एक ड्रायव्हर आला आणि शमुवेल पुन्हा फाटकावरच्या स्टुलावर जाऊन बसला. एका दुपारी कंपाउंडात कुणी नाही असं बघून तो नव्या लॉरीत चढला, आणि लाकडी पाय दोन्ही हातांनी उचलून त्याने क्लचवर ठेवला. पाय घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. दबोराने हे खिडकीतून बघितलं आणि ती तोंडात पदर कोंबून चुलीपाशी बसून राहिली.

पुढच्या नाताळाच्या तोंडावर साहेबांचं खोकं दौंडला आलं. नव्या लॉरीने ते शिरूरला आणलं. फाटक शमुवेलनेच उघडलं. खोक्यात लाल तेलाचे डबे होते, कागदात नीट गुंडाळलेले. ते आता कुणाच्या कामाचे नव्हते. एलिया पाळकांनी त्यातला एक डबा शमुवेलच्या घरी पाठवून दिला.

दर शनिवारी दबोरा बिजागरीला तेल घालत असे. त्या शनिवारीही शमुवेल बाजेवर बसला होता आणि लाकडी पाय तिच्या मांडीवर होता. करडीच्या तेलाची बाटली तिने हाताशी घेतली, थोडा वेळ तशीच धरली आणि परत फळीवर ठेवली. मग तिने साहेबांच्या लाल तेलाचा डबा फोडला. तेच जुनं पांढरं फडकं धुऊन ठेवलेलं होतं. त्या फडक्याने तिने बिजागरी स्वच्छ पुसली आणि बोट तेलात बुडवून त्याच्यापुढे धरलं.

"हेच न्हवं?" तिने विचारलं.

शमुवेलने तिच्या बोटाकडे बघितलं.

"हेच," तो म्हणाला.

तिने थेंब सोडला. गुडघा दुमडला, सरळ केला, पुन्हा दुमडला. ओघळलेलं तेल फडक्याने टिपताना तिच्या डोळ्यांतलं पाणी बिजागरीवर पडलं, तेही तिने पुसून घेतलं. बाहेर लॉरीने हॉर्न दिला. दबोराने पाय त्याच्या मांडीला लावला, पट्टे एकेक करून आवळले, काचत नाहीत ना हे विचारलं, आणि शमुवेल फाटक उघडायला गेला.