आता डावा

मी घोडा बोलतोय. दचकू नका, मला शेपूट नाही आणि मी हरभरेही खात नाही. बुटांच्या जुन्या दुकानात एक बुटकं लाकडी आसन असतं ना, मागे विकणाऱ्याला बसायला जागा आणि पुढे गिऱ्हाइकाचा पाय टेकायला रबर ठोकलेला उतार, तोच मी. विकणारा दोन्हीकडे पाय टाकून माझ्यावर बसतो, म्हणून दुकानात माझं नाव पडलं घोडा. खूर नाहीत, पण सगळी हयात पायांशीच गेली.

मला ज्यानं केलं तो सुतार म्हणायचा, शाळेच्या मोडक्या बाकाचं लाकूड आहे. मी मात्र सगळ्यांना सांगतो की मी एका बुडालेल्या जहाजाच्या डोलकाठीतून निघालो. बाकाला कोण विचारतं? थापा मारणं हा माझा स्वभावच. दिवसभर लोकांच्या मोज्यांच्या सहवासात राहायचं म्हणजे मनाला काहीतरी विरंगुळा लागतो. एकदा एका पैलवानानं माझ्यावर पाय ठेवला, तर शेजारच्या तीन दुकानांच्या काचा हादरल्या. एका साहेबांनी बूट काढला आणि भिंतीवरचं घड्याळ जागच्या जागी बंद पडलं. घड्याळातला सेल त्याच सुमारास संपला होता, असं दादा म्हणायचे. दादांना गोष्ट म्हणून सांगता यायची नाही.

आज सांगतोय त्यात मात्र थाप नाही. असती तर बरं झालं असतं.

दुकान दोन भावांचं. थोरले दादा गल्ल्यावर आणि धाकटे काका माझ्यावर. काका बोलायचे कमी. त्यांचं सगळं बोलणं उजव्या हातात होतं. नवा बूट दाबला जाऊ नये म्हणून कारखान्यात त्याच्या पुढच्या टोकात कागदाचा चुरगळलेला गोळा कोंबतात. काका बूट खोक्यातून काढायचे, तो गोळा ओढून खाली टाकायचे आणि मनगटापर्यंत हात आत घालायचे. डोळे मिटून बोटांनी आतली भिंत न् भिंत चाचपायचे. कुठं शिवण वर आलीय का, कुठं डिंकाचा थेंब सुकून टोचतोय का. हात बाहेर आला की मगच गिऱ्हाइकाचा पाय आत. मग वरून दाबत विचारायचे, "अंगठा टेकतोय का?" उत्तर मिळालं की माझ्या उतारावर एक चापट. "आता डावा."

तीस वर्षं, दिवसाला पन्नासदा. माझ्या उतारावरचं रबर पायांनी झिजलं की त्या चापटीनं, हे अजून ठरलेलं नाही.

माणसं मला खालून दिसतात, म्हणून खरी दिसतात. मोज्याला भोक असलेला माणूस धड मोज्याचाच पाय आधी पुढे करतो आणि दुसऱ्याची वेळ आली की त्याला अचानक घाई होते. नवराबायको भांडत आले असतील तर दोघंही माझ्याकडेच बघत बसतात. आणि "जरा घट्ट आहे, पण सैल होईल" असं म्हणणारा प्रत्येकजण स्वतःलाच थाप मारत असतो. त्या बाबतीत मी एकटा नाही.

आमच्याकडे दरवर्षी भूगोलाच्या बाई यायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, जिभेनं मात्र अजून नोकरीवर. मधुमेहानं त्यांच्या पावलांची जाणीव गेली होती. "माझे पाय म्हणजे भाडेकरू," त्या म्हणायच्या. "राहतात माझ्याकडे, पण कळवत काहीच नाहीत." त्यांच्या बुटात काकांचा हात इतरांपेक्षा दुप्पट वेळ असायचा. एक माप मोठा, पुढून मोकळा बूट ते निवडायचे आणि पायाला घातल्यावर सगळीकडून दाबून बघायचे. अंगठा टेकतोय का, हे बाईंना विचारून उपयोग नव्हता. काका ते स्वतःच्या अंगठ्याला विचारायचे.

"माझ्या पायांना कळत नाही ते तुमच्या हाताला कळतं," बाई म्हणायच्या. "हात जपा हो."

मग साथ आली आणि शटर खाली आलं.

पहिले काही दिवस मला मजा वाटली. म्हटलं, रजा मिळाली. पण रजेला शेवट असावा लागतो. अंधारात खोकी फुगली, चामड्यावर बुरशीची पांढरी साय धरली. आणि एक गोष्ट मला तेव्हाच कळली. वापरलेल्या बुटापेक्षा न वापरलेला बूट लवकर मरतो. नुसत्या ठेवलेल्या बुटांच्या तळांचा भुगा होऊन तो खोक्यांतून झिरपत होता. मी रोज ऐकायचो.

एके दिवशी शटर अर्धंच उघडलं. काका वाकून आत आले, एकटेच. माझ्यावर बसले. समोर गिऱ्हाईक नव्हतं. गल्ल्याखाली दादांच्या दुकानात घालायच्या चपला होत्या, दादांनी काढून ठेवल्या होत्या तशाच, एक सरळ आणि एक तिरकी. काकांनी एक रिकामं खोकं घेतलं, चपला पुसून आत ठेवल्या आणि खोक्यावर दादांचं माप लिहिलं. ते खोकं त्या मापाच्या रांगेत, वरच्या फळीवर लावलं.

ताप आधी काकांना आला होता. ते उठले. दादांना नंतर आला, ते उठले नाहीत. जाताना काकांनी आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, बूट परत आल्यावर त्यातला दोष शोधतात तसे.

दुकानं उघडायची परवानगी आली तेव्हा गल्ल्यावर वहिनी बसल्या, दादांच्या पत्नी. पूर्वी त्या दुकानात कधी फारशा आल्या नव्हत्या. त्यांनी दाराला दोरी बांधली, बाहेर फुटपाथवर खडूचे गोल काढले. एकदा घालून बघितलेला बूट तीन दिवस वेगळा ठेवायचा. गिऱ्हाइकानं लांब खुर्चीवर बसायचं, बूट त्याचा त्यानं घालायचा.

"आणि भावजी, कुणाच्या पायाला हात नाही. बुटाच्या आतही नाही. हात फक्त खोक्याला."

"वहिनी, आत हात घातल्याशिवाय कळत नाही."

"न कळू दे. या घरातल्या आणखी कुणाला मी पोचवायला जाणार नाही."

काकांनी मान हलवली. जो आपल्याच हातांना घाबरतो तो वाद काय घालणार? मला भिंतीला लावलं आणि माझ्या डोक्यावर हात धुवायच्या औषधाची बाटली ठेवली. डोलकाठीचा वंश आणि काम काय, तर बाटली सांभाळायची.

लोक परतले, पण कसे! जवळजवळ वर्षभर घरच्या चपलेत पसरलेले पाय घेऊन आले आणि बूट आकसलेत म्हणून कुरकुर करू लागले. एक गृहस्थ तीन दिवस खडूच्या गोलात दहा-दहा मिनिटं उभे राहिले आणि आत न येताच घरी गेले. चौथ्या दिवशी आले, नाडीची एक जोडी घेतली आणि परीक्षेतून सुटल्यासारखे पळाले. एक तरुणी नुसती नव्या चामड्याचा वास घ्यायला आली होती. नाकावरचा मास्क खाली करायची तिची हिंमत होईना, म्हणून ती डोळे मिटून उभी राहिली, जणू वास डोळ्यांनी आत जाईल. सगळ्यांना यायचं होतं आणि सगळ्यांना पळायचं होतं.

आणि मग दोरीपलीकडून ओळखीचा आवाज आला. "उघडलंत एकदाचं! अकरा महिने घरात कोंडलेय. जगाचा नकाशा पाठ, पण स्वयंपाकघरापलीकडचा देश पाहिला नाही."

भूगोलाच्या बाई. त्या आत आल्या, गल्ल्याकडे बघून थांबल्या. "दादांचं कळलं. येता आलं नाही हो." वहिनींनी लांबच्या खुर्चीकडे हात केला.

बाई खुर्चीवर बसल्या आणि सवयीनं उजवा पाय पुढे केला. तो हवेतच राहिला. "घोडा कुठंय?"

"निवृत्त केला," वहिनी म्हणाल्या.

"मलाही केलं होतं. ऐकलं का मी?"

काकांनी त्यांच्या मापाचं खोकं जमिनीवर ठेवलं आणि झाडूच्या दांड्यानं त्यांच्याकडे सरकवलं. "तुमचे तुम्हीच काढा बाई. आतला कागदही काढून टाका."

बाईंनी उजवा बूट काढला, गोळा ओढून टाकला, पाय घातला.

"अंगठा टेकतोय का?" काकांनी दोरीजवळून विचारलं.

"मला काय विचारता? भाडेकरूंशी माझं बोलणं बंद आहे, माहीत नाही का?" बाई हसल्या.

काकांचा हात पुढे आला. बोटं उघडली. गल्ल्यावर वहिनींचं पेन थांबलं. काकांनी हात मागे घेतला आणि खिशात घातला.

"वरून तर ठीक दिसतंय," ते म्हणाले. "आता डावा."

तेवढ्यात बाहेर जुंपली. "हा गोल माझा आहे!" "तुमचा काय सातबारा आहे का त्यावर?" काका दाराकडे वळले. वहिनीही उठल्या. बाईंचं बोलणं चालूच होतं, आता कुठं कुठं जायचं, दोरे घ्यायचेत, पुस्तकं बघायचीत. बोलता बोलता त्यांनी डावा बूट घातला. पुढून मोकळा, एक माप मोठा. पाय सहज आत गेला.

जमिनीवर कागदाचा गोळा एकच होता.

मी पाहिलं. मी पुन्हा मोजलं. तीस वर्षं माझ्या पायाशी प्रत्येक जोडीमागे दोन गोळे पडत आले होते. हजारो थापा मारल्या मी, पण एक खरी गोष्ट सांगायची वेळ आली आणि मला तोंड नव्हतं. बाटली पाडावी म्हणून अंग हलवायला गेलो. लाकूड ते लाकूड.

बाई नवे बूट घालूनच निघाल्या, जुने खोक्यात घालून. दारात म्हणाल्या, "दुकानात यायला माणूस इतका आसुसतो, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं हो." त्या दिवशी त्यांनी संध्याकाळपर्यंत सगळा बाजार पालथा घातला. अकरा महिन्यांची हौस होती.

पाच आठवड्यांनी त्यांची भाची आली. तिनं गल्ल्यावर पिशवी ठेवली, त्यातून डावा बूट काढला. ती ओरडली असती तर सोपं गेलं असतं.

"मावशी रोज रात्री आरशात तळवे बघते. तळव्याला काही नव्हतं. जखम बोटांमध्ये होती. चौथ्या दिवशी वास आला तेव्हा कळलं. आधी बोटं काढली. मग पाऊल." तिनं बुटात हात घातला आणि तो कागद बाहेर काढला. चपटा, लाकडासारखा कडक, एका बाजूनं काळा. "ती म्हणाली, हे काकांना नेऊन दाखव. भांडू नकोस म्हणाली. नुसतं दाखव, म्हणजे पुढच्या माणसाला ते बघतील."

भाची गेली.

"नियम माझा होता, भावजी," वहिनी म्हणाल्या.

"हात माझा होता, वहिनी."

त्यानंतर काकांनी ती बाटली माझ्या डोक्यावरून उतरवली. मला ओढून मध्ये आणलं. ओढताना माझा मागचा पाय निखळला, तो त्यांनी पत्र्याची पट्टी ठोकून बसवला. वहिनी बघत होत्या. थांबवलं नाही त्यांनी. फक्त दर गिऱ्हाइकामागे साबण आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवू लागल्या.

बाई परत येतील असं मला वाटलं नव्हतं. पण एका सकाळी त्या आल्या, चार पायांची काठी टेकत, भाचीच्या आधारानं. खूप वाळल्या होत्या. काका उभेच राहिले. काहीतरी बोलायला गेले, पण बाईंनी हात वर केला, वर्गात गोंगाट थांबवायला करतात तसा.

"रडायचं असेल तर घरी. मी बूट घ्यायला आलेय. उरलेल्या भाडेकरूला तरी नीट घर द्या."

काकांनी कोपरापर्यंत हात धुतले. माझ्यावर बसले. बाईंचा उजवा पाय माझ्या उतारावर आला, हलका, कागदासारखा. काकांनी बूट काढला, गोळा ओढून बाईंच्याच हातात दिला आणि हात आत घातला. किती वेळ ते आत चाचपत होते, मी सांगत नाही. सांगितलं तर थाप वाटेल. मग पाय आत गेला. त्यांनी वरून, बाजूनं, टाचेपाशी दाबून बघितलं. मान हलवली. ठीक बसला होता.

आणि सवयीनं माझ्या उतारावर चापट पडली.

"आता डावा."

शब्द निघून गेले होते. तीस वर्षांची सवय, ती माणसाला विचारत नाही. भाचीनं तोंड फिरवलं. वहिनींनी गल्ल्याची कडा घट्ट धरली. काकांचा हात माझ्या रबरावर तसाच पडून राहिला.

बाई हातातला कागद उलगडत होत्या. त्यांनी तो मांडीवर सपाट केला, सुरकुत्या काढल्या. बराच वेळ काढल्या. मग काकांच्या हातावर दोनदा थोपटलं.

"चला," त्या भाचीला म्हणाल्या.

उरलेला डावा बूट काकांनी खोक्यात घातला आणि वरच्या फळीवर, दादांच्या खोक्याशेजारी ठेवला.

आता मी म्हातारा झालोय. पट्टी ठोकलेला पाय कुरकुरतो, उतारावरचं रबर टकलासारखं गुळगुळीत झालंय. काका अजून माझ्यावर बसतात, पण उजवा पाय झाला की चापट मारत नाहीत. गप्प बसतात. गिऱ्हाईक गोंधळतं आणि मग आपणहून दुसरा पाय पुढे करतं.

तुम्हीही आता दुकानात जायला लागला असाल. जा. घाबरत जा, हौसेनं जा, नुसता वास घ्यायला जा. डोलकाठीची गोष्ट खोटी मानलीत तरी चालेल, पण एवढं माझं ऐका. नव्या बुटात पाय घालण्याआधी आत हात घाला. आणि खाली पडलेले कागद मोजा.

दोन असतात.