मोंटानात हरवलेली जर्मनी

“आधी प्रमाण बघ, मग बोल.” भूगोलाच्या मास्तरांनी आपल्या लेकीला सांगितलेले हे शब्द अजून माझ्या कापडात मुरलेले आहेत. मित्रांनो, मी अमेरिकेचा एक जुना नकाशा आहे. पाठीला कापड, वर-खाली लाकडी दांड्या आणि पोटात पन्नास राज्ये.

मास्तरांची शिकवण्याची रीतच न्यारी. माझ्या प्रमाणात ते पुठ्ठ्याचे देश कापायचे आणि माझ्या राज्यांवर ठेवून दाखवायचे. बांगलादेश आयोवावर जवळजवळ चपखल बसायचा. “जागा सारखीच. पण इथे तीस लाखसुद्धा माणसं नाहीत, तिथे तेरा कोटी.”

त्यांची चिमी पहिल्या बाकावरून विचारायची, “मग ते झोपतात कसे, उभ्याने?” वर्ग हसायचा आणि माझ्या दांड्या खुळखुळायच्या.

पुढे वर्गात प्रोजेक्टरचा पडदा आला आणि मी अडगळीत गेलो. उंदरांनी माझी फ्लोरिडा कुरतडली. निवृत्तीच्या दिवशी मास्तरांनी मला काखोटीला मारून घरी आणले आणि भिंतीवर टांगले. “घरात माणसं दोन आणि आणलीत पन्नास राज्यं,” चिमीची आई म्हणाली. चिमी तेव्हा नोकरीसाठी मोंटानाला गेली होती. मला पुसताना आईचा फडका त्या राज्यावरच रेंगाळायचा आणि ती गुणगुणायची:

लेक माझी भिंतीवर, दिसे बोटाच्या अंतरी
हात लावायाला जाता, आड समुद्राच्या लहरी

एके दिवशी फडका थांबला. आई गेली. माझ्यावर धूळ साचली, मास्तरांच्या बोलण्यावरही. चिमीचा फोन आला की ते म्हणायचे, “माझं बरं चाललंय,” आणि मोंटानाची लोकसंख्या विचारायचे.

एका संध्याकाळी चिमी फोनवर म्हणाली, “बाबा, उद्या कायमच्या नोकरीची सही आहे. करू ना?”

पुठ्ठ्याची जर्मनी कुठेशी हरवली होती. मास्तरांनी कुठल्याशा पुस्तकातल्या छोट्या नकाशावरून नवी कापली होती. ती त्यांनी माझ्यावर टेकवली. ती एवढीशी होती. मला कळले, पण मला तोंड कुठे आहे?

“कर की,” ते म्हणाले. “अगं, तुझ्या मोंटानात तीन-चार जर्मन्या मावतात. केवढी ऐसपैस जागा.”



“बाबा, एकच मावते. तुम्हीच शिकवलंत. प्रमाण बघितलंत का?”

मास्तरांच्या हातातून पुठ्ठा गळून पडला.

मित्रांनो, नकाशा फाटला तर मागून कापड लावता येते. पण एकट्या माणसाच्या ‘बरं चाललंय’वर विसंबू नका. पुन्हा एकदा विचारा. चिमीने विचारले.

“बाबा, खरं सांगा. कसे आहात?”

मास्तर माझ्याकडे पाठ करून खुर्चीत बसले.

“नाही बघितलं गं प्रमाण. तुझी आई गेल्यापासून सगळंच मोठं दिसतं. हे दोन खोल्यांचं घरसुद्धा. सही करू नकोस, चिमे. परत ये.”