पाठीमागचे हात

मावशीनं उस्तादांचं नाक उसवायला घेतलं, तेव्हा पंक्चरला हायसं वाटलं.

"बरं केलंत. विमा विकणाऱ्यासारखे दिसत होते."

"सकाळी तूच म्हणालास, लांब करा."

"लांब म्हटलं होतं. एवढं नाही."

कापड कटिंगच्या टेबलावर मावत नव्हतं. अर्धं टेबलावर, काही मशीनच्या पाठीवरून लोंबलेलं आणि उरलेलं पोस्टमनच्या मांडीवर. पोस्टमन निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण हातात दिलेली वस्तू नीट सांभाळायची सवय काही सुटली नव्हती. उस्तादांचा कान त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

रविवारी फुटबॉलच्या मैदानावर जुन्या गॅलरीतला शेवटचा सामना होता. त्यानंतर ती पाडणार होते. क्लबनं त्या दिवशी उस्तादांना बोलावलं होतं. त्यांनी संघ सोडल्याला एक पिढी उलटली असेल, पण गॅलरीत मॅनेजर म्हटलं की अजूनही तेच. मधे आले-गेले त्यांची नावं आठवायला डोकं खाजवावं लागे. कठड्यावर लावायला उस्तादांचा मोठा कापडी फलक करायचं ठरलं आणि काम आपसूक मावशीच्या गळ्यात पडलं, कारण साऱ्या गॅलरीत शिलाईचं मशीन असलेली ती एकटीच होती. एरवी तिच्या दुकानात चेन बदलणं, पँट आखूड करणं असलीच कामं. माणसाचा चेहरा तिनं जन्मात शिवला नव्हता.

पंक्चरचं सायकल दुरुस्तीचं दुकान शेजारीच होतं. हे नाव धंद्यावरून पडलं की स्वभावावरून, यावर गॅलरीत दोन मतं होती. सामना सुरू व्हायच्या आधीच "आज आपण हरणार" असं सांगून तो दरवेळी सगळ्यांची हवा काढून घेई.

मावशीनं वर्तमानपत्रातला फोटो पुन्हा उजेडाला धरला. पोस्टमननी चष्मा पुसून पाहिला.

"खरं सांगू? मला हा माणूस ओळखीचाच वाटत नाही."

"उस्तादच आहेत. खाली नाव छापलंय."

"नाव आहे हो. पण आपले वाटत नाहीत."

मावशीनं कात्री खाली ठेवली. कापडाकडे बघता बघता ती एकाएकी हसत सुटली.

"अरे, आपण त्यांचं तोंड बघितलंय कुठे?"

खरंच होतं ते. त्यांची गॅलरी राखीव खेळाडूंच्या बाकाच्या बरोबर मागे. उस्ताद मैदानाकडे तोंड करून उभे राहायचे, म्हणजे गॅलरीकडे पाठ. इतकी वर्षं ज्या माणसावर जीव टाकला, त्याचा करडा कोट, मानेवरचे कुरळे केस आणि डोक्यावरचा भोवरा एवढंच त्यांनी पाहिलं होतं. आडातच नव्हतं, तर पोहऱ्यात कुठून येणार!

"आणि हात," पोस्टमन म्हणाले.

"हात तर काय!" पंक्चर ताठ बसला.

उस्ताद हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. समोरच्यांना वाटे, काय हा थंड माणूस. वर्तमानपत्रंही तसंच लिहायची. पण पाठीमागचे ते हात एक क्षण स्वस्थ नसायचे, आणि ते गॅलरीशी बोलतात हे फक्त गॅलरीला ठाऊक होतं. मूठ मिटली की गप्प बसायचं, आपला खेळाडू पेनल्टी घेतोय. पाचही बोटं फाकली की छप्पर उडेपर्यंत ओरडायचं. आणि तिसरी खूण म्हणजे तर्जनीचा आकडा करून दोनदा खाली ओढायचा, कुणाच्या कोटाचं टोक धरून ओढावं तसा. संघ मागे पडला, लोक निघायला लागले, मागच्या लोखंडी पायऱ्यांवर बूट वाजले की उस्ताद मान न वळवता बोट ओढायचे. जाऊ नका.

"ती माझ्यासाठी असायची," पंक्चर म्हणाला. "मला हरताना बघवत नाही, मी लवकर उठायचो. माझ्या बुटांचा आवाज ओळखायचे ते."

"गॅलरीतल्या प्रत्येकाला तसंच वाटतं."

"वाटू दे. एकदा अर्ध्या जिन्यातून परत आलोय मी."

"आणि मग जिंकलो?"

"छे, हरलोच. पण थांबलो होतो ना."

मावशीनं नाक, डोळे, कान सगळं उसवून टाकलं. फलक पाठमोराच करायचा, हे कुणालाच कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

कोटाचा नेमका रंग पाहायला ती दुसऱ्या दिवशी उस्तादांच्या घरी गेली. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. बाई उंच, नीटनेटक्या, आणि फार दिवस पुरेशी झोप न झालेल्या. उस्ताद खिडकीशी खुर्चीत बसले होते. मावशीनं त्यांना पहिल्यांदाच समोरून पाहिलं. नाक फारसं लांब नव्हतंच. त्यांच्या उजव्या हातात नॅपकिनची गुंडाळी होती आणि ती ते घट्ट धरून होते.

"हात सारखे चाळवतात," बाई म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, हातात काहीतरी देत जा. आजाराचाच भाग आहे म्हणे. मला ओळखतात कधी कधी. बाकी कुणाला नाही."

त्यांनी कपाटातून करडा कोट काढून दिला. मावशीनं सवयीनं आधी अस्तर पाहिलं, मग काज. पाठीच्या शिवणीशी कापड हातांच्या घासण्यानं विरलं होतं. तिनं त्या जागेवरून अंगठा फिरवला.

"वहिनी, रविवारी आणाल ना त्यांना?"

बाईंनी कपाट लावून घेतलं.

"हा माणूस आयुष्यभर रुबाबात राहिला. हजारो लोकांसमोर त्यांनी काही भलतंसलतं केलं, कुणी हसलं, तर मला सोसणार नाही. त्यांचं हसं होणार नसेल तर आणते."

"नाही होणार. माझा शब्द."

शब्द देऊन बसली खरी, पण घरी येईपर्यंत तो आपण कशाच्या जोरावर दिला, हे तिलाच कळेना.

रविवारी लख्ख ऊन पडलं होतं. कठड्यावर फलक चढला: करडी पाठ, मानेवरचे केस, भोवरा, मागे बांधलेले हात. मध्यंतरात क्लबच्या माणसानं उस्तादांना हात धरून मैदानाच्या कडेला आणलं आणि मान राखायचा म्हणून गॅलरीकडे तोंड करून उभं केलं. एका बाजूला बाई होत्या, दुसऱ्या बाजूला मावशी. पोस्टमन मागोमाग खुर्ची घेऊन आले होते.

गॅलरी उठून उभी राहिली. टाळ्यांचा नुसता कडकडाट. पण टाळ्या वाजवता वाजवता लोक एकमेकांकडे बघू लागले. समोर बावरलेला एक म्हातारा उभा होता आणि त्याला कुणीच ओळखत नव्हतं. तोही कुणाला ओळखत नव्हता.

उस्तादांनी फलकाकडे पाहिलं. मग बायकोला विचारलं, "हा कोण पाठ करून उभा आहे? त्याला इकडे बघायला सांग. लोक आलेत."

पहिल्या रांगेत कुणीतरी फिस्कन हसलं. आवाज वाढला तसे उस्ताद मागे सरकले.

"मी म्हटलं होतं तुम्हाला," बाई म्हणाल्या. रागानं नाही. त्यामुळे मावशीला जास्तच लागलं.

"चुकलं माझं, वहिनी. चला, नेऊ या परत."

उस्तादांना न्यायचं म्हणून तिनं त्यांना हलकेच वळवलं आणि समोर हिरवंगार मैदान आलं.

ते थांबले. पाठ जरा सरळ झाली. हातातली गुंडाळी गळून पडली आणि दोन्ही हात आपोआप मागे गेले. उजव्या हाताची बोटं हलायला लागली तशा बाई घाईघाईनं वाकल्या, नॅपकिन उचलला आणि त्यांच्या हातात कोंबायला निघाल्या.

मावशीनं बाईंचं मनगट धरलं.

"राहू द्या. जरा राहू द्या."

उस्तादांची मूठ मिटली.

आणि सगळी गॅलरी गप्प झाली. एका क्षणात, वरच्या रांगेपासून खालपर्यंत. कठड्यावरचं कापड फडफडत होतं तेवढंच ऐकू येत होतं.

बाईंनी वळून पाहिलं. एवढी माणसं अशी चिडीचूप का झाली, हे त्यांना उमगेना. घाबरून त्या म्हणाल्या, "मी गाडी जवळ बोलावते," आणि सिमेंटच्या वाटेवरून निघाल्या. त्या शांततेत त्यांच्या चपला टकटक वाजल्या.

उस्तादांच्या तर्जनीचा आकडा झाला. एकदा ओढला. पुन्हा एकदा ओढला.

गॅलरीतून एक हुंकार उठला. पंक्चर जिन्याच्या तोंडाशी उभा होता, कारण संघ मागे होता आणि त्याला काही बघवत नव्हतं. तो मुकाट्यानं आपल्या जागेवर जाऊन बसला आणि दोन्ही तळहातांनी तोंड पुसू लागला.

बाई वाटेतच वळून थबकल्या होत्या. त्यांची नजर त्या बोटावरून हलत नव्हती.

"हे काय करतात ते?"

"आमच्याशी बोलतात," मावशी म्हणाली. "पूर्वीपासून. पाठीमागून. तुम्ही समोरच्या बाजूला बसायचात ना, तुम्हाला कधी दिसलं नसेल."

"काय म्हणतात?"

"जाऊ नका म्हणतात."

बाईंनी नॅपकिन दोन्ही हातांत धरला होता.

"रोज संध्याकाळी करतात हे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "खिडकीशी बसून. मी उठून आत जायला निघाले, चपला वाजल्या, की लगेच. मी परत येते आणि हातात हे देऊन जाते."



पोस्टमननी खुर्ची पुढे केली आणि उस्तादांना मैदानाकडे तोंड करून बसवलं. हात मागेच राहिले, खुर्चीच्या पाठीच्या फटीतून बाहेर. क्लबचा माणूस बाईंना म्हणाला, "मॅडम, तुमची खुर्ची पाहुण्यांत ठेवली आहे, पलीकडे."

बाईंनी नॅपकिनची घडी केली आणि पर्समध्ये टाकली. मग त्या पलीकडे न जाता उस्तादांच्या मागे, गॅलरीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर जाऊन बसल्या.